हा डबा कुणाच्या ताब्यात देऊ? मुख्याधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
आमची नगरपरिषद, आणि जिथे जिथे हाच प्रश्न आहे तिथल्या सगळ्या नगरपरिषदा

विषय : घरातला घातक कचरा स्वीकारणारं केंद्र सुरू करण्याबाबत

महोदय,

माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरखाली, डाव्या हाताला, प्रोटीन पावडरचा एक मोठा रिकामा डबा आहे. झाकणाला चिकटपट्टी लावलेली आणि वर मार्करनं लिहिलेलं : ‘सुया आहेत, उघडू नये’. त्याला लागून काचेची एक बरणी आहे. तिच्यात तळाशी पाणी आणि पाण्याखाली पाऱ्याचे चार-पाच मणी. मागे चपलांच्या खोक्यात मुदत संपलेल्या गोळ्यांच्या अर्धवट कापलेल्या स्ट्रिप्स, तळाशी थोडं औषध उरलेल्या सिरपच्या बाटल्या, आणि एका जुन्या टिफिनमध्ये सेल. यातलं काही विकायचं नाही आणि काही माझंही नाही. गावातल्या लोकांनी विश्वासानं आणून दिलेला हा त्यांच्या घरातला कचरा आहे. गेले अकरा महिने मी तो सांभाळते आहे, कारण पुढे तो कुठे द्यायचा हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेजारच्या दोन तालुक्यांच्या गावी माझे औषध व्यवसायातले स्नेही आहेत, त्यांच्याकडेही चित्र हेच आहे. एका कार्यालयाकडे बोट दाखवून मला काही मिळवायचं नाही. डबा कुठे द्यायचा, तेवढं मात्र मला हवं आहे.

हे सुरू कसं झालं, ते आधी सांगते. गेल्या वर्षी श्रावणात, सकाळी मी शटर वर करत होते तेव्हा घंटागाडीवरची ताई धावत आली. डाव्या हाताचा अंगठा पदरात घट्ट धरलेला. “मॅडम, एक पट्टी द्या, गाडी थांबलीय.” मी पदर सोडवला. अंगठ्याच्या पेराखाली रक्ताचा एवढासा थेंब होता, मोहरीएवढा. कांद्याची सालं आणि चहाचा चोथा असलेल्या पिशवीची गाठ तिनं वरून दाबली आणि आतली सुई आरपार आली. सुई तिनं मला दाखवायला कागदात धरून आणली होती : इन्सुलिनची, केसासारखी बारीक, टोपण नसलेली.

गावात इन्सुलिनच्या सुया विकणारी दुकानं चार. ती सुई माझ्याच काउंटरवरून गेलेली असण्याची शक्यता चारात एक होती, आणि तो विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी तिला नळाखाली साबणानं हात धुवायला लावला. जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, नुसतं वाहतं पाणी. पट्टी लावली आणि गाडीवाल्याला सांगितलं की ही आज कामावर येणार नाही, आधी सरकारी दवाखान्यात जाणार. अशा वेळी एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं लागणार असतील तर ती जितक्या लवकर तितकी बरी, पहिल्या काही तासांतच, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. मग ती २८ दिवस घ्यावी लागतात. कावीळ ‘ब’ची लस आधी झाली आहे का, तेही पाहावं लागतं. तिची झाली नव्हती. पुढचे काही महिने ती माझ्याकडे तपासणीचे कागद वाचून घ्यायला यायची. सगळे अहवाल चांगले आले. पण दर वेळी कागद पुढे करताना तिची नजर कागदावर नसायची, माझ्या चेहऱ्यावर असायची. मुलाला जवळ घेऊ की नको, असं तिनं मला एकदा हळूच विचारलं होतं. घे, काही होत नाही, असं मी सांगितलं. तरी ती घेत नसावी, असं मला वाटतं.

तिच्या हातात हातमोजे नव्हते. पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळालेला जोड महिन्यात फाटला होता. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, महोदय : कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क मिळाला पाहिजे, आणि तो मिळतो आहे हे स्थानिक संस्थेनं, म्हणजे नगरपरिषदेनं, पाहायचं होतं. फाटलेल्या हातमोज्याच्या जागी दुसरा किती दिवसांत द्यायचा, एवढं तरी तुम्ही ठरवून द्या.

त्या आठवड्यात मी काउंटरवर एक पाटी लावली : ‘वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून इथे आणून द्या.’ मला वाटलं होतं, दोन-चार जण आणतील. पहिल्याच महिन्यात माझा डबा निम्मा भरला. मधुमेहाची माणसं शिस्तीची असतात. त्यांना सवयच असते वेळा पाळायची. एक निवृत्त पोस्टमन काका शाम्पूच्या जाड बाटलीत सुया साठवून, बाटली तीन चतुर्थांश भरली की बूच घट्ट लावून, वर चिकटपट्टी गुंडाळून घेऊन येतात आणि पावती मागितल्यासारखे काउंटरपाशी उभे राहतात. मग लोक सुयांबरोबर इतर वस्तूही आणायला लागले. “ताई, हेही घेता का?” असं विचारत कुणी तुटलेला थर्मामीटर आणला, कुणी वजनकाट्यातले बटण-सेल, कुणी सासऱ्यांच्या आजारपणातली उरलेली औषधांची पिशवीच्या पिशवी. ‘लोकच वर्गीकरण करत नाहीत’ हे वाक्य मी तुमच्या कार्यालयात तीनदा ऐकलं. माझ्या काउंटरखाली जे साठलं आहे ते लोकांनीच घरी वेगळं काढून, चालत आणून दिलेलं आहे.

आता तुमच्या कार्यालयातल्या माझ्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत मला सांगण्यात आलं, “सुक्या कचऱ्यात टाका.” दुसऱ्या फेरीत, “जिल्ह्याला पत्र लिहा.” तिसऱ्या फेरीत, “दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी येते, तिच्यात द्या.” ती गाडी मी गाठली. गाडीवाला भला माणूस होता, पण त्यानं हातातलं यंत्र दाखवलं. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर बारकोड लागतो आणि नोंदणी असलेल्या दवाखान्याचीच पिशवी त्याला उचलता येते. माझ्या डब्यावर बारकोड नाही. कुणा ओळखीच्या डॉक्टरांच्या पिशवीत गुपचूप टाकून दे, असंही एकानं सुचवलं. तसं करायला माझं मन तयार होत नाही. जे उघड करायला हवं ते मी चोरून का करू?

नियम काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण हे पत्र गावातले लोकही वाचतील म्हणून लिहिते. २०१६ च्या जानेवारीच्या शेवटी मुंबईत देवनारची कचराभूमी पेटली, तिच्या धुरानं शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी ८ एप्रिलला केंद्र सरकारनं घनकचऱ्याचे नवे नियम काढले. त्यांत ओल्या आणि सुक्या कचऱ्याबरोबर तिसरा प्रकार आला : घरगुती घातक कचरा. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल आणि बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज. हे सगळं घरानं वेगळं ठेवायचं, आणि स्थानिक संस्थेनं दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक याप्रमाणे ते स्वीकारण्याचं केंद्र उघडायचं, केंद्राच्या वेळा जाहीर करायच्या. तिथून तो माल घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या ठिकाणी किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगेल तिथे सुरक्षित पोहोचवण्याची जबाबदारीही स्थानिक संस्थेचीच. ‘किंवा त्याच्या भागाला’ हे शब्द आमच्यासारख्या लहान गावांसाठी मोलाचे होते. गाव वीस चौरस किलोमीटरचं नसलं तरी एक केंद्र हवंच होतं.

आता तर २०२६ चे नवे नियम १ एप्रिलपासून लागू झाले आहेत आणि कचऱ्याचे चार भाग झाले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, औषधं या चौथ्या भागात येतात, आणि ती अधिकृत संस्थेनं गोळा करायची किंवा ठरवून दिलेल्या केंद्रात जमा करायची आहेत. आपल्या घंटागाडीला आजही दोनच कप्पे आहेत. भोंग्यावर गाणं लागतं, ‘ओला वेगळा, सुका वेगळा’. वर्गीकरण केलं नाही म्हणून मागच्या गल्लीत दोन घरांना दंडाच्या पावत्या दिल्या गेल्या. दंड करायला माझी हरकत नाही. पण ज्या नियमानं घरावर वेगळं काढण्याची सक्ती येते, त्याच नियमानं तुमच्यावर केंद्राची सक्ती येते. पहिल्या केंद्राची वाट पाहण्यात दहा वर्षं गेली.

त्या काचेच्या बरणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पाऱ्याइतकं गैरसमजांत अडकलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. आमच्या पेठेतल्या एक आजी दिवाळीनंतर दुकानात आल्या. नातवाच्या तापात थर्मामीटर हातातून निसटून फरशीवर फुटला होता. मुलांच्या पायाला काच लागू नये म्हणून त्यांनी बसकण मारून सगळे मणी तळहातावर गोळा केले आणि एका कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे आणले. पुडी पुढे करताना त्यांनी बोट दाखवलं. सोन्याची अंगठी एका बाजूनं पांढरी पडली होती, चांदीचा मुलामा दिल्यासारखी. “ही सोनाराकडे तापवून घेते, निघेल ना?” पारा सोन्यात मुरतो. तापवला की निघतो हे खरं, पण निघतो म्हणजे वाफ होऊन सोनाराच्या नाकात जातो. बंद दुकानात, भट्टीशेजारी बसून काम करणाऱ्या माणसाच्या श्वासात. मी त्यांना तसं करू नका म्हणून सांगितलं, आणि सोनारकाकांनाही जाऊन सांगून आले.

लोकांना धास्ती वाटते ती मुलानं थर्मामीटर चावला तर. त्यासाठी रात्री-बेरात्री फोन येतात. पोटात गेलेला धातुरूप पारा शरीरात फारच थोडा शोषला जातो. तिथे काळजी काचेची. खरा धोका फरशीच्या भेगेत राहिलेल्या मण्यांचा, ज्यांची साध्या खोलीच्या उष्णतेलाही वाफ होत राहते. श्वासातून गेलेला पारा मात्र बहुतांश रक्तात मिसळतो. म्हणून थर्मामीटर फुटला तर आधी मुलांना बाहेर काढायचं, खिडक्या उघडायच्या, अंगठ्या-बांगड्या उतरवायच्या. झाडू मारायचा नाही, त्यानं मण्यांचे शंभर बारीक मणी होतात आणि झाडूही कायमचा बाटतो. दोन जाड पत्त्यांनी मणी एकत्र ढकलायचे, ड्रॉपरनं उचलायचे, उरलेले चिकटपट्टीनं टिपायचे. सगळं झाकणाच्या बरणीत, थोड्या पाण्याखाली. मोरीत ओतायचा नाही. सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर पंखा बंद करून, खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबायचं आणि मग काच ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची. सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, तापाच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. जुन्या पद्धतीच्या रक्तदाब मोजायच्या यंत्रात तर ऐंशी-शंभर ग्रॅम. हे आकडे पाहिले की लक्षात येतं, गावातले फुटके थर्मामीटर आणि बंद झालेल्या दवाखान्यातलं एखादं जुनं यंत्र वेळेत हाती आलं तरी केवढं काम झालं.

आणि ही वेळही नेमकी त्याचीच आहे. पाऱ्याच्या वस्तू हद्दपार करण्याच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली. दुकानातून पाऱ्याचे थर्मामीटर गेले, घरात एलईडी आले. म्हणजे वर्षानुवर्षं घराघरांत असलेला हा शेवटचा साठा आत्ता बाहेर पडतो आहे. माळ्यावरच्या ट्यूब, सीएफएल, कपाटातले थर्मामीटर. तो गोळा करायला यापुढची पाच-सात वर्षंच आहेत. नंतर तो आपल्या कचरा डेपोच्या मातीत असेल, आणि डेपोला दर उन्हाळ्यात आग लागते, तेव्हा त्या धुरात.

औषधांचं दुखणं वेगळं आहे आणि ते माझ्या धंद्याचं असल्यामुळे मला ते आतून माहीत आहे. माझ्या दुकानात न विकला गेलेला, मुदत संपलेला माल मी वितरकाला परत पाठवते, तशी सोय आहे. पण गिऱ्हाइकाच्या घरून आलेली कापलेली स्ट्रिप वितरक घेत नाही. ती माझ्याकडे पडून राहते, आणि तपासणीच्या वेळी दुकानात मुदत संपलेली औषधं का, असा प्रश्न आला तर उत्तर द्यायला माझ्याकडे कागद नाही. म्हणून बहुतेक दुकानदार नम्रपणे नाही म्हणतात. त्यांना मी दोष देणार नाही. मग लोक ती औषधं संडासात ओततात किंवा कचऱ्यात टाकतात. प्रतिजैविकं गटारात गेली की तिथले जंतू त्यांना सरावतात. कचऱ्यातल्या रंगीत गोळ्या डेपोवर खेळणाऱ्या पोरांच्या हाती लागतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं २०२५ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत फेंटानिल, ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकांसारखी १७ औषधं तेवढी संडासात सोडून द्या असं म्हटलं आहे, कारण ती दुसऱ्या कुणी चुकून घेतली तर एका मात्रेतही जीव जाऊ शकतो. बाकीची हजारो औषधं तशी सोडायची नाहीत, ती परत गोळा व्हायला हवीत. केरळनं घराघरांतून जुनी औषधं परत घेण्याचा कार्यक्रम सुरूही केला आहे. मला तुमच्याकडून एक पत्र हवं आहे : ‘नगरपरिषदेच्या वतीनं या दुकानात औषध संकलन पेटी ठेवलेली आहे’, खाली सही आणि शिक्का. गावातले किमान सहा औषध दुकानदार अशी पेटी ठेवायला तयार आहेत, हे मी त्यांना विचारून लिहिते आहे. पेटीला कुलूप असावं आणि किल्ली तुमच्याकडे असावी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बोलायला सोपं. पण एक गोष्ट आपल्याच गावात वर्षानुवर्षं व्यवस्थित चालू आहे. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी संपली की कुणी ती उकिरड्यावर टाकतो का? नाही. आपण ती पन्नास-साठ किलोपर्यंतची जड वस्तू उचलून दुकानात नेतो, दुकानदार वजन करतो, नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा होतात. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्यावर जुनी परत घेण्याची जबाबदारी टाकली होती आणि ती पद्धत अंगवळणी पडली. घेणारं दार उघडं होतं म्हणून लोक तिथे गेले. तिथेही सगळं आलबेल नाही. काही बॅटऱ्या बाजूनं भंगारात जातात, कुठेतरी मोकळ्यावर फोडल्या जातात, आम्ल गटारात आणि शिसं उघड्या भट्टीत. शिशाची कितीही थोडी मात्रा लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला सुरक्षित नाही, आणि ज्यांच्या घराशेजारी ती भट्टी असते त्यांना हे कुणी सांगायला जात नाही. तरी पन्नास किलोची बॅटरी परत येते आणि पन्नास ग्रॅमचा सेल येत नाही, याचं कारण एवढंच की सेल घ्यायला कुणी बसलेलं नाही.

२०२२ च्या नव्या बॅटरी नियमांत लहान सेलपासून मोठ्या बॅटरीपर्यंत सगळे प्रकार आले. वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत १०६ वस्तू आहेत आणि पाऱ्याचे दिवेही त्यांतच. म्हणजे सेल, मोबाइल, ट्यूब या मालासाठी नगरपरिषदेला पदरचा खर्च फारसा नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांना असा गोळा झालेला, वेगळा केलेला माल हवाच असतो. त्यांना एका ठिकाणी पुरेसं वजन मिळायला हवं. ते तुम्ही एका खोलीत जमवू शकता, मी काउंटरखाली जमवू शकत नाही. फुगलेली मोबाइलची बॅटरी तर मी दुकानात ठेवूच शकत नाही, ती दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. गेल्या महिन्यात एक मुलगा अशी बॅटरी खिशात घालून आला होता. मी तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, वाळूच्या डब्यात ठेवून, मागच्या अंगणात उघड्यावर ठेवली आणि रात्रभर मला झोप आली नाही. बटण-सेलचंही असंच आहे. लहान मुलानं तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. म्हणून मी लोकांना सांगते, रिमोटमधून, काट्यातून काढला की लगेच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि मगच डब्यात टाका.

आपलं गाव शेतीचं आहे, म्हणून कीटकनाशकांच्या बाटल्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या वेळी सगळं बोलणं फवारणीच्या कपड्यांवर आणि मास्कवर झालं, ते व्हायलाच हवं होतं. रिकाम्या बाटल्यांबद्दल मात्र कुणी बोललं नाही. आजही आठवडे बाजारात मी अशा बाटलीत तेल विकत घेऊन जाणारी बाई पाहिलेली आहे. बाटली मजबूत असते, बूच चांगलं असतं, टाकवत नाही. बाटली रिकामी झाली की तिच्यात पाव भाग पाणी घालून, बूच लावून अर्धा मिनिट हलवून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. असं तीनदा करायचं, आणि मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही. विहिरीवर, ओढ्यावर धुवायची नाही. कृषी सेवा केंद्रांच्या मालकांना तुम्ही एकदा बोलावून बोललात तर अशा बाटल्या त्यांच्या दारातच जमा होतील, कारण शेतकरी दर आठवड्याला तिथे जातोच. गॅरेजवाल्यांशीही एकदा बोला. गाड्यांचं जळकं ऑइल बसस्टँडमागच्या नाल्यात सोडलं जातं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

सॅनिटरी पॅड आणि डायपरबद्दल एवढंच सांगते. पुण्यात कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची मोहीम झाली, म्हणजे उचलणाऱ्या बाईला पुडी उघडून पाहावी लागत नाही. त्याला खर्च एका लाल पेनाचा आहे. आमच्या महिला मंडळानं हे गावात घरोघर सांगायचं अंगावर घेतलं आहे, तुम्ही घंटागाडीवर तसा वेगळा कप्पा तेवढा करा.

मग मी मागते आहे काय? जुन्या जकात नाक्याची खोली बंद पडलेली आहे. तिला छप्पर आहे, फरशी आहे, कुलूप आहे, दोन बाजूंनी खिडक्या आहेत. महिन्यातून दोन शनिवार, सकाळी दहा ते एक, तिथे एक प्रशिक्षित माणूस बसवा. सुयांना एक जाड पेटी, दिव्यांना एक उभा खोका, पाऱ्याला एक बरणी, सेलला एक डबा, औषधांना कुलपाची पेटी, आणि आलेल्या मालाची वही. घंटागाडीच्या भोंग्यावर त्या शनिवारच्या वेळा वाजवा. ओल्या-सुक्याचं गाणं वर्षानुवर्षं ऐकून लोकांना पाठ झालं आहे, हेही होईल. गावात निघणारा असा माल एकूण कचऱ्याच्या मानानं फार थोडा असतो. तीन महिन्यांतून एक टेम्पो भरला तरी पुष्कळ. तो न्यायला राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं चालू आहेत. सुयांसाठी दवाखान्यांच्या कचऱ्याच्या त्याच गाडीशी नगरपरिषदेनं करार केला की बारकोड मिळतो. सामायिक टेम्पोचा खर्च शेजारच्या दोन नगरपरिषदांबरोबर वाटून घेता येईल. गोव्यात पणजीनं कचऱ्याचे सोळा भाग करून दाखवले. आम्ही सोळा मागत नाही, एक खोली मागतो आहोत.

आणि त्या खोलीच्या आधी, गाडीवरच्या आणि डेपोवरच्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’च्या लसीचे तिन्ही डोस द्या. डेपोवर वेचणाऱ्या ज्या बायका तुमच्या पगारपत्रकावर नाहीत, त्यांनाही. सुई पगारपत्रक पाहून टोचत नाही.

हे पत्र लिहीत होते तेव्हा ती ताई दुकानात आली होती. अंगठ्यावर आता खूणही नाही. मी काय लिहिते आहे ते तिनं विचारलं आणि मी तिला वाचून दाखवलं. तिनं एक सुधारणा सांगितली : घंटागाडीवरचा वेगळा कप्पा डाव्या बाजूला करा, कारण उजव्या बाजूला ड्रायव्हर चढतो आणि तिथे कप्पा सारखा आपटेल. तशी नोंद घ्यावी.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी हा डबा, बरणी, खोकं आणि टिफिन घेऊन कार्यालयात येते आहे. सोबत पोस्टमन काका असतील, त्यांची चौथी बाटलीही भरली आहे. ते सगळं कुणाच्या ताब्यात द्यायचं, त्या माणसाचं नाव तेवढं कृपया त्याआधी ठरवून ठेवावं.

आपली,
पेठेतली औषध दुकानदार